पक्षी, मासे आणि पाणी: तिन्ही एकाच वहीत कसे मोजावे

पहाटेच्या पहिल्या उजेडात तळ्याच्या काठाला बगळे आणि ढोकरी खेटून रांगेने उभे दिसले, की पक्षी मोजणारा खूश होतो. मासे मोजणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो. इतक्या सकाळी इतके बगळे एका जागी जमतात तेव्हा बरेचदा पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन अगदी कमी झालेला असतो आणि मासे श्वासासाठी वर येऊन तोंडे उघडत असतात. बगळ्यांना आयती मेजवानी. त्या दिवशी फक्त पक्षी मोजून परतलात तर वहीत ‘बगळे वाढले’ अशी नोंद होईल, आणि तळे गुदमरत होते हे कुणाला कळणारही नाही.

पाणथळावर नियमित मोजणी सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि छोट्या अभ्यासगटांसाठी हे लिहितो आहे. मोठी उपकरणे नसली तरी चालतील. शिस्त मात्र उसनी मिळत नाही.

पायरी १: आधी प्रश्न, मग दुर्बीण

‘इथली जैवविविधता अभ्यासायची आहे’ हा प्रश्न नव्हे, ही इच्छा झाली. प्रश्न असा हवा: पाणी उतरते त्या तीन महिन्यांत चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची संख्या दरवर्षी घटते आहे का? किंवा, बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला माशांच्या जाती वेगळ्या आहेत का? प्रश्न असा नेमका झाला की किती ठिकाणे, किती फेऱ्या, कोणते जाळे ही उत्तरे आपोआप सुटत जातात. नाही झाला, तर वर्षाअखेरीस वहीत खूप काही असते आणि त्यातून काहीच निघत नाही.

परवानग्या याच टप्प्यावर मागा. दुर्बिणीतून पक्षी पाहायला बहुतेक ठिकाणी काही लागत नाही. पण पक्षी पकडणे, त्याच्या पायात कडी घालणे, संरक्षित पाण्यात जाळे टाकणे या प्रत्येकासाठी लेखी परवाना लागतो आणि तो यायला महिने जातात. अनेक संस्थांत प्राण्यांच्या हाताळणीबाबत नीतिसमितीची मंजुरीही लागते. ‘आधी सुरू करू, कागद मागून येईल’ हा विचार मनातूनही काढून टाका.

पायरी २: ठिकाणे ठरवणे

पहिल्या दोन फेऱ्या फक्त पाहणीच्या. काही मोजू नका. कुठून ऊन डोळ्यांवर येते, कुठे चिखल गुडघ्याच्या वर आहे, कुठल्या झुडपाने अर्धे पाणी झाकले जाते, हे बघून घ्या.

मग मोजणीचे बिंदू निवडा. जिथे पक्षी जास्त दिसतात तिथेच उभे राहावेसे वाटते, आणि नवशिक्यांची पहिली मोठी चूक हीच. चांगल्या जागा निवडून मोजलेला आकडा त्या जागांपुरता खरा असतो. पूर्ण पाणथळाबद्दल तो काही सांगत नाही. नकाशावर ठरावीक अंतराने चौकटी आखा, चिठ्ठ्या टाकून काही निवडा, आणि जी येईल ती जागा स्वीकारा, मग ती कितीही कंटाळवाणी असो. झाडोऱ्यातले बिंदू एकमेकांपासून किमान २०० ते २५० मीटर लांब ठेवा, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही. प्रत्येक बिंदूची जीपीएस नोंद घ्या. शिवाय एखादी ठळक खूणही लिहा, कारण जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे सरकतो.

पायरी ३: पक्षी

सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास सर्वांत चांगले. बिंदूवर पोहोचल्यावर एक-दोन मिनिटे नुसते उभे राहा. तुमच्या चाहुलीने गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलू लागतात. मग घड्याळ लावून ५ किंवा १० मिनिटे मोजा. यातला कुठला काळ घेता याला फार महत्त्व नाही, एकदा ठरवलेला बदलायचा नाही याला आहे. प्रत्येक पक्षी साधारण किती अंतरावर होता हे गटांत लिहा: २५ मीटरच्या आत, २५ ते ५०, ५० ते १००, त्यापलीकडे. वरून उडत गेलेले वेगळ्या रकान्यात. पावसात मोजू नका. बोफर्ट मापनावर वारा ४ झाला, म्हणजे धूळ उडू लागली आणि लहान फांद्या हलू लागल्या, की वही मिटा. त्या वाऱ्यात आवाज ऐकू येत नाहीत आणि लहान पक्षी झुडपाबाहेर येत नाहीत.

मोठा थवा एक-एक करून मोजता येत नाही. त्यासाठी थव्याच्या कडेचे दहा पक्षी नीट मोजा, ते दुर्बिणीत किती जागा घेतात हे डोळ्यांत बसवा, मग तेवढ्या मापाचे तुकडे मोजत पुढे सरका. थवा खूप मोठा असेल तर शंभराचा तुकडा. वारकरी (कूट) पक्षी आणि थापट्यांसारखी बदके मिसळून बसलेली असतील तर आधी एकूण आकडा घ्या, नंतर तीन-चार ठिकाणी दुर्बीण थांबवून जातींचे प्रमाण काढा. सरावासाठी घरी कागदावर तांदळाचे दाणे पसरा, पाच सेकंद बघा, अंदाज लिहा आणि मग मोजा. बहुतेक जण मोठ्या थव्याचा आकडा कमीच सांगतात. आपण किती कमी सांगतो हे माहीत असलेले बरे.

आता या पायरीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दिसलेले पक्षी म्हणजे असलेले पक्षी नव्हेत. किती नजरेतून सुटले याचा अंदाज काढायचा एक साधा मार्ग आहे. समजा झाडांवर बगळ्यांची वसाहत आहे. दोघांनी एकमेकांशी न बोलता, आपापल्या नकाशावर घरटी टिपायची. पहिल्याला २४ दिसली, दुसऱ्याला २०, आणि नकाशे जुळवल्यावर दोघांनाही दिसलेली निघाली १६. दुसऱ्याच्या २० पैकी १६ पहिल्याने पाहिली, म्हणजे पहिल्याची नजर ८० टक्के घरटी टिपते. मग त्याची २४ म्हणजे एकूण संख्येच्या ८० टक्के; एकूण घरटी ३०. दोघांपैकी कुणीही तीस पाहिली नव्हती. हे गणित लक्षात ठेवा, माशांपाशी ते पुन्हा येणार आहे.

वसाहतीजवळ मात्र फार वेळ रेंगाळू नका. आई-बाप उठून गेले की उन्हाने किंवा कावळ्यांमुळे पिल्ले जातात. घरटी मोजायला लांबून दुर्बीण पुरते.

पायरी ४: कडी आणि ट्रान्समीटर

ही पायरी वाचून कुणी लगेच करायला जाऊ नये. पक्षी जाळ्यातून सोडवणे हे परवानाधारक माणसाच्या हाताखाली महिनोन्महिने शिकायचे काम आहे. मिस्ट नेट म्हणजे केसाइतक्या बारीक दोऱ्याचे, सहज न दिसणारे जाळे. ते लावले की दर २०-३० मिनिटांनी फेरी हवीच, कडक ऊन असेल तर त्याहून लवकर. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळव्याला, छाती मोकळी. पक्षी छातीचा भाता हलवून श्वास घेतो, छाती आवळली तर तुमच्या मुठीतच गुदमरतो. आधी कडी, मग पंखाची लांबी, वजन आणि बाकीची मापे. पक्षी मध्येच निसटला तरी निदान कडीची नोंद हाती राहते. कडीचा क्रमांक एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहून परत वाचून दाखवायचा.

ट्रान्समीटर म्हणजे पक्षी कुठे आहे हे कळवणारे छोटे यंत्र. त्याचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा संकेत आहे. पूर्वी ५ टक्केही चालवून घेत. वीस ग्रॅमच्या पक्ष्याला म्हणजे जेमतेम ०.६ ग्रॅम, तोही पट्ट्यांसकट.

एवढा खटाटोप कशाला, याचे उत्तर दोन पक्षी देतात. १९५६ साली प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर चँडलर रॉबिन्स या शास्त्रज्ञाने लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या एका मादीच्या पायात कडी घातली. २००२ मध्ये तीच मादी पुन्हा त्यांच्याच हाती लागली, आणि २०२४ च्या अखेरीस तिने पुन्हा अंडे घातले. कडी नसती तर ती थव्यातली एक मादी एवढेच तिचे वर्णन झाले असते. दुसरा, २०२२ मध्ये अलास्काहून निघालेला बार-टेल्ड गॉडविट जातीचा कोवळा पाणटिवळा. उपग्रह टॅगमुळे कळले की तो ११ दिवस न थांबता सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात उतरला.

पायरी ५: मासे

पक्षी निदान दिसतात. माशांच्या बाबतीत तुम्ही पाण्यातले मासे मोजत नसताच. तुमच्या जाळ्यात आलेले मोजता. या दोहोंतला फरक समजणे हीच अर्धी मत्स्यविद्या.

जाळ्याची आस, म्हणजे भोकांचा आकार, ठरवते की कोण अडकेल. गिलनेट म्हणजे पाण्यात उभे लावायचे, माशाला कल्ल्यांपाशी अडकवणारे जाळे. बारीक आसेच्या गिलनेटमध्ये लहान मासे, मोठ्या आसेच्या जाळ्यात मोठे. म्हणून वेगवेगळ्या आसांचे तुकडे जोडलेले जाळे घ्या आणि कुठल्या तुकड्यात काय आले हे वेगळे लिहा. उथळ, दगडाळ जागी पाग म्हणजे फेकजाळे चालते, गवताळ काठाला सापळे. विजेचा झटका देऊन मासे क्षणभर बधिर करण्याची पद्धत ओढ्यांत फार उपयोगी आहे, पण ती प्रशिक्षित चमूने, परवान्यानिशीच करायची. त्यात माणूसही मरू शकतो.

आलेल्या माशांचा आकडा एकटा लिहू नका, मेहनतीने भागा. ३० मीटर जाळे २ तास लावले आणि १८ मासे आले, तर १०० मीटर जाळ्याला तासाला ३० मासे. असे केले तरच मागच्या महिन्याच्या ५० मीटर जाळ्याशी तुलना होते. आणि गिलनेट रात्रभर टाकून झोपायला जाऊ नका. पाणकावळे, कासवे, पाणमांजरे त्यात अडकून बुडतात. मासे मोजायला जाऊन पक्ष्यांची संख्या कमी करून येणे यासारखी नामुष्की नाही. जाळे टाकायचे, काठावर बसायचे, ठरलेल्या वेळी तपासायचे.

हाताळणी जरा सावकाश वाचा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची जंतूंविरुद्धची ढाल आहे. कोरडा हात किंवा कोरडे फडके लावले की ती पुसली जाते. मासा पोहत निघून जातो आणि काही दिवसांनी बुरशी लागून मरतो. तुम्हाला ते कधी कळतही नाही. म्हणून आधी हात ओले, मोजपट्टी ओली, पिशवी ओली. बादली सावलीत, त्यात त्याच तळ्याचे पाणी, बॅटरीवरचा हवापंप चालू. पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटाहून जास्त नको. मासा मोजपट्टीच्या उभ्या फळीला तोंड टेकवून आडवा ठेवा. लांबी तीन प्रकारे मोजतात: तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या बेचक्यापर्यंत, किंवा शेपटीचा पर जिथे सुरू होतो तिथपर्यंत. कुठली घेतली हे वहीच्या प्रत्येक पानावर लिहा. एकाच प्रकल्पात दोघांनी दोन प्रकारे मोजल्याने अर्धा हंगाम वाया गेलेला मी पाहिला आहे. त्या दोघांतला एक मीच होतो.

लांबी आणि वजन मिळाले की माशाची तब्येत काढता येते. वजन ग्रॅममध्ये, ते १०० ने गुणून लांबीच्या घनाने भागायचे, लांबी सेंटिमीटरमध्ये. २० सेंटिमीटरचा मासा ८० ग्रॅमचा असेल तर उत्तर १. ६४ ग्रॅमचा असेल तर ०.८. एकाच जातीचे, एकाच लांबीचे मासे वर्षभरात १ वरून ०.८ वर आले असतील, तर त्यांची संख्या तेवढीच असली तरी काहीतरी बिघडले आहे: खाणे कमी झाले, गर्दी वाढली किंवा पाणी नासले. अर्थात विणीनंतर सगळेच मासे हलके होतात, म्हणून तुलना त्याच महिन्याची करा. वय हवे असेल तर पाठीवरचा पर आणि पार्श्वरेषा (अंगाच्या बाजूने शेपटीकडे जाणारी रेघ) यांच्या मधले दोन-चार खवले पुरतात. ओटोलिथ म्हणजे कानातला खडा अधिक खात्रीचा, पण तो मेलेल्या माशाचाच मिळतो.

एकूण संख्या काढायला घरट्यांचेच गणित. पहिल्या दिवशी ६० माशांच्या पराचे टोक किंचित कापून सोडले. आठवड्याने ५० पकडले, त्यात १० खुणेचे. म्हणजे तळ्यातल्या दर पाचांत एक खुणेचा, एकूण साधारण ३००. हे खरे ठरायला मधल्या काळात मासे बाहेरून यायला नकोत, बाहेर जायला नकोत, खूण पुसली जायला नको, आणि एकदा पकडलेला मासा जाळ्याला घाबरून दूर राहणारा नको. शेवटची अट सर्वांत जास्त मोडते. खुणेचे मासे जाळे चुकवू लागले की उत्तर खऱ्यापेक्षा मोठे येते, म्हणून दुसऱ्या वेळी शक्यतो वेगळ्या साधनाने पकडा. या पद्धतीला पीटरसन आणि लिंकन यांची नावे जोडली जातात. पीटरसन हे डॅनिश मत्स्यशास्त्रज्ञ. त्यांनी १८९० च्या दशकात प्लेस नावाच्या चपट्या माशांना खुणा केल्या. लिंकन हे अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ. त्यांनी १९३० मध्ये बदकांच्या कड्यांवरून उत्तर अमेरिकेतल्या बदकांचा अंदाज बांधला. मासेवाल्याची आणि पक्षीवाल्याची वही एकच असावी याचा याहून जुना दाखला मला माहीत नाही. गंमत म्हणजे पक्ष्यांना ॲल्युमिनियमच्या क्रमांकित कड्या पद्धतशीर घालायला १८९९ मध्ये सुरुवात केली तीही एका डॅनिश शिक्षकाने, मॉर्टेनसेन यांनी, स्टार्लिंग पक्ष्यांवर.

पाण्याच्या नमुन्यातल्या डीएनएवरून जात ओळखण्याची पद्धत आता बरीच वापरात आहे. दुर्मीळ जात आहे की नाही एवढ्यासाठी उत्तम. पण तेच बूट घालून दुसऱ्या तळ्यातून आलात, तर त्या तळ्यातला मासाही इथे ‘सापडतो’.

पायरी ६: पाणी आणि काठ

इथे सगळे घाई करतात, आणि वर्षाअखेर डोके धरून बसतात.

पहिले माप पाण्याच्या पातळीचे. काठाजवळ रंगवलेली मोजकाठी पक्की रोवा आणि प्रत्येक फेरीत वाचा. तुतारी आणि चिखल्या हे पक्षी चार बोटे पाण्यात किंवा नुसत्या ओल्या चिखलात चरतात. बुडी मारणाऱ्या बदकांना खोल पाणी लागते. पाणी हातभर चढले की तुतारी दुसरीकडे जातात. पातळीची नोंद नसेल तर तुम्ही ‘संख्या घटली’ असे लिहाल, आणि ते पक्षी शेजारच्या चिखलात मजेत असतील.

गढूळपणासाठी सेक्की तबकडी. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तळ्यांसाठी आज २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची वापरतात. सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी होईल ती खोली टिपा, आणखी खाली नेऊन वर ओढा, पुन्हा दिसेल ती खोली टिपा, सरासरी घ्या. वेळ दुपारच्या आसपासची, काळा चष्मा काढून. दोरीवरच्या खुणा अधूनमधून पट्टीने तपासा. आमची सुती दोरी भिजून आखडली होती आणि तळे उगाचच स्वच्छ होत चालले होते.

ऑक्सिजन मोजताना घड्याळ बघा. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करतात, रात्री सगळेच तो वापरतात, त्यामुळे नीचांक पहाटे येतो. दुपारी तीनला मोजून ‘उत्तम’ लिहिलेले तळे पहाटे पाचला मरणपंथाला लागलेले असू शकते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. ५ च्या खाली बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो. म्हणून तापमान नेहमी सोबत लिहा, आणि महिन्यातून एक फेरी तरी पहाटेची करा. बगळे रांगेने उभे दिसले तर आधी ऑक्सिजन मोजायचा मीटर पाण्यात, मग दुर्बीण डोळ्याला.

वाहत्या पाण्याचा वेग काढायला संत्रे पुरते. ते अर्धे बुडून तरंगते, वाऱ्याने फारसे ढकलले जात नाही. १० मीटर अंतर २० सेकंदांत गेले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पृष्ठभागाचे पाणी जास्त धावते म्हणून ०.८५ ने गुणा. तीनदा करा. याखेरीज ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या दिशेला दर फेरीत एक फोटो. जुना फोटो हातात धरून कॅमेऱ्याची चौकट जुळवा.

पायरी ७: वही

पेन्सिल वापरा, शाई भिजते. पानाच्या डोक्यावर तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मोजणाऱ्याचे नाव, वारा, ढग, पाण्याची पातळी. आणि शून्य लिहा. पहिल्या हंगामात मी फक्त दिसलेले लिहिले. पुढच्या वर्षी रिकाम्या रकान्यांकडे बघत बसलो: पक्षी नव्हता, की मी मोजलाच नव्हता? शून्य, ‘मोजले नाही’ आणि ‘ओळखता आले नाही’ या तीन वेगळ्या नोंदी आहेत. नीट न ओळखलेल्या पक्ष्याला खात्रीचे नाव देऊ नका. ‘लहान तुतारी, जात अनिश्चित’ ही प्रामाणिक नोंद आहे.

त्याच रात्री पानांचे फोटो काढा आणि आकडे संगणकात भरा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा, नाहीतर स्प्रेडशीट मार्च आणि सप्टेंबरची अदलाबदल करते. मूळ फाइलला हात लावायचा नाही. दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीत. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा जाहीर नकाशावर टाकू नका.

पायरी ८: स्वतःला आणि पाण्याला जपणे

एकट्याने पाण्यात उतरू नका. छातीपर्यंतच्या रबरी विजारीला कमरेशी पट्टा बांधा. पडलात तर पाणी आत भरायला वेळ लागतो. मेलेले पक्षी एका जागी अनेक दिसले तर हात लावू नका. बर्ड फ्लू असू शकतो, उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यात बोट्युलिझम हा जिवाणूंच्या विषाने होणारा रोगही. लांबून फोटो घ्या, जागा आणि संख्या लिहा, पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा. एका तळ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी जाळी, बूट, बादल्या धुऊन खडखडीत वाळवा. रोग आणि परके जलचर अशाच ओल्या जाळ्यांतून प्रवास करतात.

पायरी ९: दुसरे वर्ष

दोन वर्षांच्या आकड्यांवरून चढ-उतार सांगू नका. एक कोरडे वर्ष आणि एक ओले वर्ष, एवढेच त्यात असते. अमेरिकेतली नाताळातली पक्षीगणना फ्रँक चॅपमन यांनी १९०० मध्ये सुरू केली, आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७ पासून चालू आहे. त्यांच्या आकड्यांना वजन आहे ते या सलगपणामुळे.

दुसऱ्या वर्षी हमखास कुणीतरी म्हणते की पलीकडच्या टेकाडावरून जास्त चांगले दिसते, किंवा नवे जाळे घेऊ. घ्या. पण एक संपूर्ण हंगाम जुन्या आणि नव्या पद्धतीने एकाच दिवशी, शेजारी शेजारी मोजा, आणि दोन्ही आकडे दोन रकान्यांत लिहा. टेकाडावरून १४० दिसतात तेव्हा जुन्या बिंदूवरून १०० दिसतात हे एकदा कळले, की मागची सगळी पाने नव्या पानांशी जोडता येतात. मोजकाठी मात्र हलवू नका. रंग उडाला तर जागच्या जागी रंगवा.